शनिवारी बंद

दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेसातला
मी लाल देवळाच्या फाटकाशी उभी असते.
छत्री, पाण्याची बाटली,
पिशवीत डब्यात भिजवलेली चिंच.
आज नऊ जण आलेत.
पहारेकरी आधार कार्डं बघतो, तरी आत सोडत नाही.
मनोरा बाहेरूनच बघायचा, मान मागे टाकून.
"चर्च ना हे?" कुणीतरी विचारतंच.
नाही, मी म्हणते,
आणि तिथून सुरुवात होते.

सहा वर्षं हेच काम मी बर्लिनमध्ये केलं.
तिथे सोपं होतं. शहर बोलायचं,
मी नुसता हात दाखवायचा.
हा फलाट. कडेला तारखा, तारखांपुढे माणसांचे आकडे.
आणि हे बघा, पायाखाली,
तळहाताएवढा पितळी चौकोन:
इथे राहत होती. नाव, जन्म, कुठे नेलं.
एका नोव्हेंबरात एक म्हातारी गुडघे टेकून
तो चौकोन घासत होती,
आई दिवाळीआधी समया घासायची तशी,
कोपर न थांबवता.

पुण्यात पायाखाली गटाराची झाकणं.
इथून कुणाला नेलं नाही, मी सांगते.
इथे कुणीकुणी आलं.

"एकूण किती मारले?" अकरावीतली मुलगी.
साठ लाख.
सगळे मान हलवतात, बजेटचा आकडा ऐकल्यासारखी.
"बाकी काही म्हणा," शिंत्रे काका म्हणतात,
"शिस्त होती त्या माणसाला."

दर वेळी एक शिंत्रे असतात.
आमच्या शाळेत पी.टी.च्या सरांना
आम्ही त्याच्याच नावाने ओळखायचो
आणि सर खूश व्हायचे.
अप्पा बळवंत चौकात अजून त्याची मिशी
व्यक्तिमत्त्व विकास आणि शेअर बाजार यांच्या मधल्या थप्पीत,
वीस टक्के सूट.
मी उत्तर देत नाही. चालायला लागते.

ताबूत स्ट्रीटच्या आतल्या बोळात
मोबाइल कव्हरचं दुकान आहे.
इथे डॉक्टर हेडविग लिलिएनथाल बसायच्या.
आयांनी त्यांचं लिलीताई केलं.
एकोणचाळीसला बोटीने आल्या, दोन ट्रंका, एक वजनकाटा.
मग युद्ध लागलं, आणि ज्यांच्यापासून पळाल्या
त्यांच्याच देशाच्या म्हणून
साहेबाने त्यांना पुरंदरावर ठेवलं.
तिथे शेजारच्या बराकीत
हात वर करून सलाम ठोकणारेही होते.
त्यांच्या पोरांचा डांग्या खोकला
लिलीताईंनीच बरा केला.

त्यांची आई तिकडेच राहिली.
पंचवीस शब्दांची चिठ्ठी यायची रेडक्रॉसकडून,
बेचाळीसनंतर तीही नाही.
आईच्या नावाचा चौकोन मी गल्लोगल्ली शोधला.
नाही सापडला.
एवढं सांगून मी गप्प होते. पुढचं मला येत नाही.

मुर्तझाभाई शटर अर्धं वर करतात,
बिलांवरचं वजन उचलून माझ्या हातात देतात.
फरशी उकरताना निघालेली पाटी.
पावसाळ्यात महिन्याभरात काळी पडते.
"संग्रहालयाला द्या की," कुणी सुचवतं.
"दुकानाबरोबर आली," ते म्हणतात, "दुकानातच राहू दे."

मी डबा उघडते.
चिंचेचा गोळा शिंत्रे काकांपुढे धरते.
ते बायकोकडे बघतात.
मग घड्याळ काढून खिशात ठेवतात,
पायरीवर रुमाल टाकून बसतात आणि घासतात,
आधी बोटांच्या टोकांनी,
मग तळव्याने.
तपकिरी पाणी मनगटावरून बाहीत जातं.

पहिल्यांदा 'लि' दिसतो.
मग पुढचं, एका बाजूला कललेलं,
कोरणाऱ्याने नाव ऐकून लिहिलेलं: लिलीयंताल.
मुलांचे विकार.
सकाळी नऊ ते बारा.
शनिवारी बंद.

काका ती ओळ दोनदा वाचतात,
अंगठा तिथेच ठेवून.
रस्त्यावरून इडलीवाला जातो, भोंगा वाजवत.
"म्हणजे आज," ते म्हणतात,
"आज उघडा असता."